डाव्या मडगार्डवरचा पोचा

बाबांनी ती गाडी टेम्पोला दोर बांधून घरी आणली, तेव्हा आई मासे विकून नुकतीच परतली होती. डोक्यावरची पाटी उतरवायच्या आधीच तिने विचारलं, "आता हिची पूजा करूची काय दिवस घालूचे?"

प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. गाडी होती जुनी, गोल पाठीची, लोक जिला 'डुक्कर' म्हणायचे ती. मालवणातल्या एका डॉक्टरांची. बाबा त्यांच्याकडे बावीस वर्षं ड्रायव्हर होते. डॉक्टर वारले, डॉक्टरीणबाई पुण्याला मुलाकडे गेल्या, आणि गाडी बंगल्यामागच्या पडवीत पाच-सहा पावसाळे उभी राहिली. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर. खाऱ्या वाऱ्याने पत्रा असा खाल्ला होता, की दाराच्या कडेला बोट लावलं तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा तुकडा हातात यायचा. इंजिन बाबांनी आठवड्याभरात सुरू केलं. अंग मात्र पार गेलं होतं.

हे सगळं २००३ सालातलं. त्याआधी बाईंचा फोन आला होता. त्यांची नजर जवळजवळ गेली होती. मे महिन्यात त्या मालवणला एकदा येणार होत्या, आणि ही आपली शेवटचीच खेप असं त्यांनीच सांगून टाकलं. "गाडी तू ने," त्या बाबांना म्हणाल्या, "पण मी येईन तेव्हा मला तिच्यातून बंदराच्या धक्क्यापर्यंत फिरवून आण." बाबा हो म्हणाले. कुडाळच्या गॅरेजवाल्याने गाडी बघून भंगारवाल्याचं दुकान दाखवलं, तेव्हाही बाबा नुसते हसले. घरी येऊन त्यांनी अंगणात झावळांचा मांडव घातला. मी डी.एड. करून नोकरीची वाट बघत घरी बसलेली, त्यामुळे पॉलिश पेपर माझ्या हातात आला.

सबंध गाडीत एकच जखम गंजाची नव्हती. पुढच्या डाव्या मडगार्डवर तळहाताएवढा पोचा होता. मी दुसरी-तिसरीत असताना बाबांनी बंगल्याच्या फाटकाच्या चिऱ्याच्या खांबावर गाडी घातली होती. डॉक्टर कडक माणूस. त्यांनी पोचा काढूनच घेतला नाही. "राहू दे नजरेसमोर, म्हणजे ड्रायव्हरच्या ध्यानात राहील," म्हणाले. गावाच्या तो जास्त ध्यानात राहिला. बाबा बाजारातून गेले की कोणीतरी हमखास ओरडायचं, "खांब इलो रे, सांबाळ!" आई तर घरचीच. ती म्हणायची, "दर्यातलो दिवो दिसता, आणि दारातलो खांब दिसाक नाय?" बाबा त्यावरही हसायचे. मला त्या हसण्याचा संताप यायचा. ज्याची सगळी ऐट गाडी चालवण्यात, त्याने असं ऐकून का घ्यावं?

पत्र्यासाठी बाबांनी बाजारातल्या कल्हईवाल्या चाचांना आणलं. घरोघरी स्टीलची भांडी आली आणि चाचांचा धंदा बसला. पण तरुणपणी त्यांनी मुंबईच्या एका गॅरेजात काम केलं होतं, आणि तिथे खड्डे कथील-शिशाने भरायचे. आजकाल सगळे भरतात ती पुट्टी, म्हणजे लांबी, त्यांना मुळीच पसंत नव्हती. "लांबी म्हणजे तोंडाक पावडर. एका पावसात गळान पडात," ते म्हणाले. मग भाता फुलायचा, नवसागराचा पांढरा धूर मांडवभर व्हायचा, आणि चाचा कापसाचा बोळा असा फिरवायचे, की काळ्या पत्र्यावर क्षणात चांदीसारखी वाट उमटायची. मी कागद खाली ठेवून बघत बसायचे. इतका देखणा हात मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही.

भरून झालं की चाचा डोळे मिटून त्यावर तळवा फिरवायचे. मला जिथे सगळं सपाट दिसे, तिथे त्यांना उंचवटा लागायचा. एकदा त्यांनी मलाही डोळे मिटायला लावले. "डोळो फसतलो, हात फसाचो नाय," म्हणाले. दोन दिवस मला काहीच कळलं नाही. तिसऱ्या दिवशी बोटाखाली काहीतरी अडलं, आणि मी लहान मुलीसारखी ओरडले.

चाचांचा नियम एकच होता. संध्याकाळपर्यंत प्रायमर मारून होईल तेवढाच पत्रा उघडा करायचा. आमच्याकडे उघडा पत्रा रात्रभर राहिला तर सकाळी तांबूस झालेलाच समजा. एप्रिलात एकदा हा नियम मोडला. बॉनेट घासून लख्ख केलं होतं, चाचा घरी गेले होते, आणि बाबांना अचानक शेजाऱ्यांच्या गाडीतून एका आजारी माणसाला कुडाळ स्टेशनला सोडायला जावं लागलं. आईने उघडं बॉनेट बघितलं. तिचं माहेर होडीवाल्यांचं. तिथे होडीचं लाकूड तेल न लावता ठेवणं म्हणजे लेकराला पांघरूण न घालता निजवणं. तिने मामाकडून माशाच्या तेलाचा डबा आणला आणि फडक्याने दोन हात प्रेमाने चोपडले. मी बघत होते. मलाही वाटलं, बरं झालं.

सकाळी बॉनेटवर तीन मांजरं बसली होती.

चाचांनी वास घेतला आणि कपाळाला हात लावला. "ह्या कोणी केल्यान? ही गाडी आसा काय होडी? तेल मुरला की रंग धरणा नाय, फोड येतत फोड!" आई दारात उभी होती. ती तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "मी लायलंय, चाचा. गंज चढात म्हणान." चाचांनी त्यांना उभं-आडवं घेतलं. बावीस वर्षं गाडी चालवून एवढंही कळत नाही, वगैरे. बाबा मान खाजवत ऐकत राहिले.

नंतर मी त्यांना गाठलं. "खोटं कशाला बोललात?"

"गो, तेच्यात माजा काय गेला?" ते म्हणाले आणि रॉकेलचा डबा आणायला गेले. तीन दिवस आम्ही दोघं रॉकेल आणि सोड्याने ते बॉनेट धूत होतो. जेवताना आईकडून बाबांच्या ताटात सुरमईची तुकडी जरा मोठी पडली. माझं मत तेव्हा पक्कं झालं, की बाबा भोळे आहेत आणि भोळ्या माणसाला जग असंच वापरतं.

डावं मडगार्ड शेवटी राहिलं. "ह्यो काडू मा?" चाचांनी विचारलं. बाबा काही बोलायच्या आत आई म्हणाली, "काडा हो एकदाचो! आमची अब्रू थंयच आडाकली हा." चाचांनी आतून हातोडीने ठोकून पत्रा वर आणला, उरलेला खळगा कथलाने भरला. मग मोतिया रंग चढला. बॉनेटवर काचेजवळ अंगठ्याएवढ्या जागेत रंगाला फोड आलेच. तीनदा घासून मारला तरी आले. बाकी गाडी अशी झाली, की वाटेने जाणारे थांबून बघायचे.

बाई ठरल्या दिवशी आमच्या घरी आल्या. सोडायला आलेला भाचा फाटकातूनच परत गेला. आम्ही तिघं अंगणात उभे होतो, आई पाटी खांद्यावर तशीच धरून. बाईंनी गाडीवर हात ठेवला. दिवा चाचपला, तिथून हात डाव्या मडगार्डवर गेला आणि मागे-पुढे फिरू लागला. एकदा, दोनदा, तीनदा. मला वाटलं, चाचांचं काम त्यांना किती आवडलंय.

"इथला पोचा कुठे गेला रे?" त्यांनी विचारलं.

"काढला, बाई. चाचांनी काढला."

बाईंचा चेहरा पडला. "मी त्याच्यासाठी आले होते," त्या म्हणाल्या. मग आईच्या दिशेने वळल्या. "तुम्हाला याने कधी सांगितलं नसेल. खांबावर गाडी मी घातली होती. दुपारी डॉक्टर झोपले, की हा मला गाडी शिकवायचा. आवाज ऐकून डॉक्टर बाहेर येईपर्यंत हा माझ्या जागी बसलेला. मला म्हणाला, बाई, मागे बसा. त्यांना कळतं तर माझं शिकणं तिथेच संपलं असतं. पुढे तीन वर्षं मी गावाबाहेर सड्याच्या माळावरच्या रस्त्याने गाडी चालवली. माझ्या संसारात तेवढेच तास माझे होते. आणि बोलणी मात्र याने खाल्ली. डॉक्टर गेल्यावर तरी सांगायचं, तर तेव्हा लाज वाटली."

"बाई, तेच्यात माजा काय गेला?" बाबा दार उघडत म्हणाले. "बसा, ऊन चढता."

बाई पुढे बसल्या, मी मागे. काच खाली करून त्यांनी धक्क्यापर्यंत तोंडावर वारा घेतला. बाबा मध्येच सांगत, आता वळण इला, आता बाजार लागलो. त्या मान हलवत. मी बाबांच्या पाठीकडे बघत होते. त्यांना भोळं म्हणणारी मी, मला स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती. आणि त्यांचा इतका अभिमानही.

संध्याकाळी आई बॉनेटवरच्या त्या फोडांवर अंगठा ठेवून उभी होती. "माका तेलाच्या दिवशीच कळूक होया होता," ती म्हणाली. बाबांनी तिला एवढंच सांगितलं, की बाहेर बोलायचं नाही, बाईंचं नाव गावात यायला नको. मला हसूच आलं. आईच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि ही तर तिच्याच नवऱ्याच्या अब्रूची गोष्ट.

आठवड्याने मी तिच्यासोबत मासळी बाजारात होते. शेजारची मासेवाली बाबांवरून हसत म्हणाली, "पोचो काडलास मां गो? पण खांब आसा अजून थंयच. घोवाक सांग!"

चार बायका हसल्या. आईची कोयती थांबली. मी तिच्याकडे बघत राहिले.

"व्हय," आई म्हणाली. "माज्या घोवानच गाडी ठोकल्यान. मगे?"

आणि तिने पुढची सुरमई कापायला घेतली.