ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका

तमाम नातेवाइकांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमची भाची सुनीता हिच्या मेंदूत ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका सापडला आहे.

हे निवेदन मी मनातल्या मनातच केलं, कारण कुणाला सांगायचं नाही अशी सुनीतानं मला शपथ घातली होती. ती शिक्षिका. वर्गात शिकवताना तिला फिट आली, घाबरलेल्या मुलांनी चपला हुंगवल्या, आणि आता पुन्हा त्याच वर्गात उभं राहायची तिला धास्ती वाटत होती.

"असे ठिपके मी रोज बघतो," मेंदूच्या स्कॅनच्या फिल्मवर पेनानं गोल काढत डॉक्टर म्हणाले. "फिट येणाऱ्या कितीतरी जणांच्या डोक्यात असं काहीतरी निघतं. गोळ्या तेवढ्या चुकवू नका."

सुनीतानं मान डोलावली, पण तिला ते पटलं नव्हतं.

बाहेर बाकांवर माणसं खेटून बसली होती. प्रत्येकाच्या मांडीवर सुनीताच्या हातातल्यासारखंच फिल्मचं मोठं पाकीट, आणि प्रत्येकानं नावाची बाजू आत वळवलेली. मला मोठी मौज वाटली. सगळ्यांचं गुपित एकच, आणि जो तो समजतोय की आपण एकटेच! खिडकीतून दिसणाऱ्या केळीवालीकडे आणि रिक्षावाल्याकडेही मी जरा आदरानं पाहिलं. कुणाच्या डोक्यात काय दाणा असेल, कोण जाणे.

तेवढ्यात सुनीताच्या हातून पाकीट निसटलं. फिल्म सरकत शेजारच्या बाकावरच्या एका आजींच्या पायाशी गेली. आजींनी ती उचलली, खिडकीच्या उजेडात धरली, तो गोल निरखला आणि सगळ्या बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"अगं बाई, हा तर माझ्यासारखाच की! थांब, माझा दाखवते."