वरच्या मजल्याच्या सळया

भाकरीचं पीठ मळत होते आणि वरून सिमेंटची खपली थेट परातीत पडली. बोटाएवढी असेल. एका बाजूने चुन्याने पांढरी, दुसऱ्या बाजूने गंजाने लाल. वर पाहिलं तर ओट्याच्या कोपऱ्यात, कॉलमला लागून, स्लॅबचा पापुद्रा सुटला होता आणि आतलं लोखंड दिसत होतं. आधी पीठ वाया गेल्याचा राग आला. पण मला चौकशीची खोड जन्माचीच, त्यामुळे राग पुरता उतरायच्या आत मनात दुसरंच सुरू झालं. हे छत म्हणजे टिकतं तरी किती वर्षं?

आमचं घर धाडजवळच्या एका गावात. पोरगा शाळेत होता तेव्हा स्लॅब टाकला, त्याआधी टीनं होती. टिनांवर पाऊस पडला की घरात एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही. स्लॅब झाला त्या दिवशी मी म्हटलं होतं, सुटलो बापा जन्माचे. छतालाही वय असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

आता मात्र दिसेल त्याला विचारत सुटले. बाजाराच्या दिवशी सिमेंटच्या दुकानदाराला विचारलं, तर त्याने मोबाइलमधून मान वर न करता सांगितलं, "शंभर वर्ष." त्याच्या स्वतःच्या दुकानावर टीनं आहेत. देऊळगाव राजाला बहीण असते, तिला फोन केला. तिचा स्लॅब पहिल्या चार-पाच वर्षांतच गळायला लागला होता, आणि तिच्याच गल्लीतलं कोणाचं तरी मातीच्या सपाट छताचं धाब्याचं घर अजून कोरडं आहे, याचा तिला फार राग. डोणगावच्या भावाच्या घरावर टीनं. तो म्हणाला, "वादळ येईपावतर टिकते." हे उत्तर मला सगळ्यांत पटलं. शेवटी यांना विचारलं. हे म्हणजे माझे मालक, जन्मभर बसवर कंडक्टर होते, आता रिटायर. हे पेपर वाचत होते. म्हणाले, "तू पीठ दुसऱ्या जागी मळत जाय."

तसं पाहिलं तर त्या स्लॅबचीही कीव येते. वैशाखात गच्चीवर कुरड्या टाकल्या की संध्याकाळी कडकडीत वाळलेल्या मिळतात, आणि दुपारी चप्पल विसरून वर गेलं तर नाचत खाली यावं लागतं. मग पावसाळा लागला की तोच स्लॅब महिनोन् महिने ओला. भिंतीला हात लावला तर दमट, कपाटातल्या साड्यांना वास, आगपेटी पेटत नाही. एवढं तापायचं आणि एवढं भिजायचं, दरसाल. माणसाला कोणी असं ठेवलं असतं तर तोही टिकला नसता.

मी मिस्त्रीला बोलावलं. धाडचा मुसलमान मिस्त्री, घर त्यानेच बांधलेलं. तेव्हा दाढी काळी होती, आता मेंदीने लाल. त्याने ओट्याच्या कोपऱ्यात हातोडीने टकटक केलं, कान लावला आणि म्हणाला, "भाभी, रोग खाली नाई, वर हाय. चला." तो जिना चढला, त्याच्या मागे मी. यांनीही पेपर ठेवला आणि हे मागून आले. पण फार सावकाश आले.

आमच्याकडे गच्ची कोणी पुरी करतच नाही. प्रत्येक कॉलमच्या डोक्यावर कमरेएवढ्या सळया उभ्या सोडून देतात, पुढेमागे वरचा मजला काढायचा झाला तर जोड मिळावा म्हणून. आमच्या गल्लीत कुठल्याही गच्चीवर उभं राहा, चारी बाजूंना सळयाच सळया. कोणी त्यांवर बाटल्या उपड्या घालतं, कोणी तसंच सोडतं. यांनी मात्र आमच्या सळया जपल्या होत्या. दरसाल पावसाच्या आधी खताच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या पिशव्या गुंडाळायच्या, वरून सुतळीने घट्ट आवळायच्या. जुनी पिशवी काढायची नाही, तिच्यावर नवी. पोराला स्वेटर घालावा तसं चालायचं ते.

मिस्त्रीने खिशातली करवतीची पट्टी काढून एक गाठोडं फाडलं. आतून कुबट वास आला आणि गंजाचा भुगा घळघळ खाली पडला. जाडजूड सळई पेन्सिलीएवढी राहिली होती.

"भाऊ, तुमी त यायले रजईच पांघरली," मिस्त्री म्हणाला. "पानी आत गेलं, पन निंगाले रस्ताच नाई. थेच पानी कॉलमातून खाली उतरून राह्यलं. गंज फुगते, सिमेंट फोडते."

"मंग आता?" मी विचारलं.

"सळया बुडापासून कापाच्या. फुटलेलं खरवडून काढाचं, डोकी बंद कराची, वरून पानी आडवाले सिमेंटचा कोबा. नाई केलं त सैपाकखोलीचा कोपरा खाली येईन. कधी, थे मी नाई सांगत."

"कापाच्या नाईत," हे म्हणाले आणि खाली निघून गेले.

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मला कारण माहीत होतं. स्लॅब टाकला त्या संध्याकाळी हे मला वर घेऊन आले होते आणि ओल्या काँक्रीटवर टाकलेल्या फळीवर उभे राहून सगळं दाखवलं होतं. वरचा मजला पोराचा. जिना बाहेरून, म्हणजे सुनेला मोकळं वाटेल. खिडकी डोंगराकडे. पोरगा तेव्हा खाली गृहपाठ करत होता. आता तो पुण्यात आहे, कंपनीत आहे, फ्लॅट घेतला, बायको तिकडचीच, एक गोड नात आहे. दर रविवारी फोन येतो. तो इथे राहायला येणार नाही हे मला केव्हाच कळलं होतं. यांनाही कळलं असणार, पण ते तोंडाने कबूल करणं यांच्या जिवावर येत होतं.

त्या दिवशी मी फटकळपणे बोलले. "मले डोक्यावर छत पाह्यजे. तुमचा मजला हवेत हाय." यांनी पेपर तोंडासमोर धरला. पण दुसऱ्या दिवसापासून मी स्वयंपाकाला उभी राहिले की हे स्टूल घेऊन यायचे आणि कोपऱ्याकडे पाहत बसायचे. कोपरा पडला तर काय झेलणार होते कोण जाणे. मला हसूही यायचं आणि जीवही तुटायचा. पण सळयांचं नाव काढलं की उठून जायचे.

मग रविवार आला आणि पोराचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन घेऊन सरळ गच्चीवर गेले. मागून हे आलेच. मी फोन त्या फाटलेल्या गाठोड्यासमोर धरला.

"हे पाह्य. तुह्या बाबाले समजाव."

"बाप रे, किती गंजलंय," पोरगा म्हणाला. त्याची बोली आता पुण्याची झाली आहे. "अहो बाबा, कापून टाका ना, त्यात काय एवढं? पण मला सांगा, हे ठेवलं कशासाठी होतं?"

तो खरंच विचारत होता. त्याला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात यांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"तार बांधाले," हे म्हणाले. "तुही माय कपडे वाळू घालते ना."

"तारेला एवढं लोखंड?" पोरगा हसला. हेही हसले. मग नातीने फोन ओढला आणि पडलेला दात दाखवला, आणि बोलणं दातावर गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी स्वतःच मिस्त्रीला फोन लावला. कटर गच्चीवर आलं, ठिणग्या उडाल्या, सगळी गल्ली पाहायला आपापल्या गच्चीवर उभी. मिस्त्री कापलेल्या सळया खाली अंगणात फेकणार होता, पण हे म्हणाले, "फेकू नको," आणि यांनी एकेक सळई हातात धरून जिन्याने खाली नेली. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, पदराने डोळे पुसत तिथेच उभी राहिले.

कॉलमची डोकी बंद झाली, कोबा झाला, कोपऱ्यात नवीन प्लॅस्टर चढलं. मिस्त्री थापी धूत होता. माझा प्रश्न अजून बाकी होता, म्हणून मी विचारलं, "आता किती वर्ष टिकन?"

"दर उन्हाळ्यात भेगा भरत जा, पानी साचू देऊ नका," तो म्हणाला. "मंग वीस-पंचवीस वर्ष कायले काई होते."

हे नळावर हात धूत होते. नळ बंद केला, माझ्याकडे पाहिलं, थोडा वेळ मनातल्या मनात हिशेब केला.

"पुरते," म्हणाले. "आपल्या दोघायले पुरते."