दामूच्या ओळी

दामू गेल्याचा फोन आला तेव्हा मी कर्जतच्या दुकानात गव्हाचं बियाणं घेत उभा होतो. दामू माझा चुलतभाऊ, दोन वर्षांनी धाकटा. आमच्या शेतांत एकच बांध. पहिला विचार मनात आला तो सांगायला लाज वाटते, पण सांगतो... यंदा माझ्या गव्हाशेजारी दामूचा गहू नसणार. रडू त्यानंतर आलं.

आम्ही मुळात भातवाले. भात कापलं की कालव्याच्या पाण्यावर थोडा गहू करायचा, घरच्या पोळीपुरता. आणि भातवाला गहू पेरणार म्हणजे राबात रोपांसाठी भात फेकतो तसाच, मुठीनं. त्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. राब पेरायला अर्धं गाव मला बोलवायचं. दामूचा हात मात्र वाईट. बी एकीकडं ढीगभर, दुसरीकडं टक्कल. बायका हसायच्या. मीही हसायचो, जरा मोठ्यानंच.

म्हणूनच असेल, गव्हाला त्यानं फेकणं सोडून दिलं. सुतळी ताणून वीत-वीत अंतरावर रेघा पाडायचा आणि बायकोला घेऊन ओणव्यानं त्यात बी सोडायचा. "दानं मोजून घालतोस का रं?" मी बांधावरून विचारायचो. तो नुसता हसायचा. पण ओंब्या धरायच्या वेळी माझा गहू कुठं दाटून पिवळा, कुठं विरळ, वाऱ्यानं लोळलेला. बरंचसं बी वरच राहून पाखरांनी खाल्लेलं. त्याच्या ओळींतून मात्र तण काढायला माणूस सरळ चालत जायचा. फुटवे भरगच्च, ओंब्या बोटभर. माझे वडील, माझे सख्खे वडील, त्याच्या शेताकडं बघत म्हणाले, "याला म्हनतात गहू." आज वडीलही नाहीत, पण ते वाक्य काही जात नाही.

पुढल्या वर्षी मीही रेघा पाडल्या. दामूला विचारलं असतं तर काय जीभ झडली असती? पण नाही विचारलं. पाखरांना मिळूच नये म्हणून बी चांगलं चार बोटं खोल घातलं. दामू बांधावर आला. "दादा, दोन बोटं बास. खालून वर येता येता दमतं ते."

"तू तुझं बघ," मी म्हणालो.

गहू अर्धाच उगवला. दहा-बारा दिवसांनी सकाळी शेतावर गेलो, तर दामू माझ्या मोकळ्या जागी बी टोचत बसलेला... त्याच्या घरचं बी. आभार मानायचं सोडून मला रागच आला. चांगला गहू याचा, आणि चांगुलपणाही यानंच घ्यावा?

तेरावं झाल्यावर त्याची बायको सुमन घरी आली. "दादा, आमचं शेत यंदा तुमी पेरा. ते बोलायचं, दादासारका हात पंचक्रोशीत नाय."

"दामू असं म्हणायचा?"

"मंग काय! जळायचं तुमच्यावर. कोन बघत नाय तवा मागल्या अंगनात तूस फेकून बघायचं. म्हातारपनी पन सवय सुटली नाय." ती हसली, आणि हसता हसता पदर तोंडाला लावला.

मी तिच्याबरोबर त्यांच्या मागच्या अंगणात गेलो. भिंतीशी तुसानं भरलेलं घमेलं होतं, आणि जमिनीवर शेवटच्या फेकीचं तूस अजून पडलेलं. एकीकडं ढीग, दुसरीकडं टक्कल.

त्याला माझा हेवा वाटायचा आणि तो त्यानं बायकोजवळ मोकळेपणानं बोलून दाखवला, वर माझं कौतुकही केलं. मला ते आजवर घरात कुणाजवळ जमलं नाही. इथंही दामूच पुढं. त्याचं शेत मी पेरून दिलं, ओळीत, दोन बोटं खोल. आता ऐकायला तो नाही, म्हणून चारचौघांत लिहून टाकतो... दामूचा गहू माझ्यापेक्षा चांगला यायचा. दर वर्षी.