भाऊच्या यानावरची काजळी

माझ्या भावाचं अंतराळयान मी चुकून घासलं नव्हतं. मुद्दाम घासलं होतं.

पन्नास वर्षं ही गोष्ट पोटात ठेवली. आज भाऊला जाऊन एक वर्ष झालं, म्हणून लिहितेय.

तो जोक तुम्ही सगळ्यांनी ऐकलाय. "आमच्या बेबीने दिवाळीत माझं यान राखेनं घासलं, समई समजून!"

माझ्या लग्नात सांगितला, माझ्या मुलांच्या बारशात सांगितला. लोक पोट धरून हसायचे. मीही हसायचे. निर्लज्जासारखी.

खरं काय झालं ते असं.

सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. आम्ही धुळ्यात. मी बारा वर्षांची, भाऊ अठराचा. बोटीवर नोकरीला असलेल्या मामांनी सिंगापूरहून एक खोका आणला. आत प्लॅस्टिकचे इवले इवले भाग. जोडले की वीतभर लांब अंतराळयान.

सोबतच्या ट्यूबमधला गोंद वाळून दगड झालेला. भाऊने उरलेलं प्लॅस्टिक थिनरमध्ये विरघळवून स्वतःच गोंद केला. सायकलवाल्याकडून पांढरा नि काळा रंग आणला, राखाडी बनवला. जोडलेला भाग सुकेपर्यंत धरून बसायचं काम माझं. शिंक आली तरी दाबायची.

चार महिन्यांनी यान तयार झालं. मस्त चकचकीत. आणि मग हा बाबा ते मळवायला बसला!

चांगलं खेळणं काळं करतोय म्हणून आईने कपाळावर हात मारला. "काय रे भाऊ, इतलं चांगलं खेळनं शे, काया कसाले करी राह्यना?"

"आई, जे फिरून येतं ते मळतंच. आपली साक्रीची एसटी बघ ना."

काजळी जमवायला मला लावलं. कंदिलाच्या काचेतली खरवडायची आणि मलमाच्या रिकाम्या बाटलीत भरायची. बाटली भरायला महिना गेला. मग ती बोटाला घेऊन इंजिनाजवळ लावायची. एकदा मी उलटं पुसलं, तर डोक्यात टपली.

"पुढून मागे पूस, बेबी. धूर मागे जातो."

गेरूचा गंज चढला, काजळीचा धूर चढला. यान खरंच फार लांबून आल्यासारखं दिसायला लागलं. मी गल्लीभर सांगत सुटले, अर्धं माझं आहे म्हणून.

दिवाळीच्या तोंडावर भाऊ म्हणाला, "भाऊबीज झाली की मी जळगावला. होस्टेलवर. यान घेऊन जातो."

मला कुणी विचारलंसुद्धा नाही. भाऊ पण जाणार, यान पण जाणार. मग मी काय करू या घरात?

दुसऱ्या दिवशी तो आत्याकडे चाळीसगावला गेला. आईने दिवाळीची पितळी भांडी माझ्यापुढे टाकली. मी त्यात यान घेतलं.

राख घेतली, काथ्या घेतला आणि दात-ओठ खाऊन घासलं. गेरू गेला, काजळी गेली, कुठे कुठे रंगही गेला. तेवढ्याने भागलं नाही, म्हणून काजळीची बाटलीपण मोरीत ओतली.

संध्याकाळी भाऊ आला. त्याने यान हातात घेऊन सगळीकडून फिरवून पाहिलं.

"मळलं होतं ना," मी म्हणाले.

शेजारच्या अक्का दारातून म्हणाल्या, "पोर गुनी शे हो तुमनी."

भाऊने माझ्याकडे पाहिलं. मग हसला. "हो ना अक्का. समई वाटली असेल तिला."

तिथून तो जोक सुरू झाला.

भाऊबीजेला मी ओवाळलं, तर त्याने यान माझ्या ताटात ठेवलं. "राहू दे तुझ्याकडेच."

दुसऱ्या दिवशी गेला. पुढे शिक्षण, नोकरी, संसार. असं काही करायला तो पुन्हा कधी बसला नाही.

मला हवं होतं ते मिळालं. पण त्या यानाकडे मला एकदाही धड बघवलं नाही.

आज वर्षश्राद्धाला जाताना यान पिशवीतून नेलं. जेवणं आटोपल्यावर वहिनींना सगळं सांगून टाकलं. रडू आवरेना.

वहिनींनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "बेबीताई, त्यांना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"ते म्हणायचे, यान चुकून घासलं जाईल एखाद्याकडून. पण बाटली चुकून कोण ओततं? मला बजावलं होतं, तिला कळू देऊ नकोस, तिला वाईट वाटेल."

म्हणजे पन्नास वर्षं तो जोक सांगून माझी बाजू सांभाळत होता. आणि मी हसत होते.

भाऊच्या फोटोपुढे समई लावलेली होती. मी तिच्या ज्योतीवर चमचा धरला. थोडी काजळी जमली. बोटाला घेतली आणि यानाच्या इंजिनाजवळ लावली. 

भाऊ, चुकलं रे माझं.

काजळी पुढून मागे पुसलीय. नीट जा.