दोरा बांधलेलं फूल

जाफराबादहून जालन्याला येणाऱ्या जीपमध्ये मी आणि माझी मैत्रीण नेहमीसारख्या भांडत होतो. मोबाइलवर ऐकायच्या एका जादूच्या मालिकेतल्या राजकन्येचं खरं प्रेम कोणावर, सेनापतीवर की चोरावर? मी म्हणत होते, लेखकानं तिचं लग्न सेनापतीशी लावलंय, विषय संपला. मैत्रीण ऐकायलाच तयार नव्हती.

समोरच्या बाईनं कानातला इयरफोन काढला. पन्नाशीची असेल, नखं पिवळीधमक. म्हणाली, ती मिरचीच्या बियाण्याच्या शेडनेटमध्ये कामाला जाते. नराच्या फुलाची पूड मादीच्या फुलाला लावायची आणि खूण म्हणून देठाला दोरा बांधायचा. ते करता करता तिनं अख्खी मालिका ऐकली होती.

"पोरी, दोरा तर मीच बांधते," बोलताना चिमटीत फूल धरल्यासारखी तिची बोटं हलत होती. "पन त्याच्या आधी एखादी माशी येऊन गेली आसंल, तर दोऱ्याला काय कळतंय? बी पेरून उगवल्यावरच कळतं."

"म्हणजे?"

"शेवटच्या भागात राजकन्येची लेक कुलूप उघडून राह्यली न्हाई का? तव्हा शीळ कोनाची घालती ती?"

तिचा थांबा आला, पिशवी सावरत ती उतरून गेली. मी त्या नखांकडे बघतच राहिले होते.

तो भाग मी चारदा ऐकला होता. घरी येऊन पाचव्यांदा लावला. शीळ होती, चोराचीच, तो कुलूप उघडताना घालायचा तीच. इतके दिवस मी तिला मागचं संगीत समजत होते.