घरी तार नको

तोफगोळ्याचा छर्रा मांडीत घुसला, तेव्हा तळावरच्या डॉक्टरांपुढे मी हात जोडले. युद्धातली जखम लिहिली की घरी तार जायची. आमच्या आष्टीकडे फौजीच्या घरी तार आली, की वाचायच्या आधीच रडारड सुरू व्हायची. माझी आई तर दारातच कोसळली असती. डॉक्टरांना दया आली. त्यांनी 'किरकोळ दुखापत' एवढंच लिहिलं.

घरी सांगितलं, कबड्डीत पडलो. आईनं गावभर तेच सांगितलं.

आता जखमेच्या पेन्शनसाठी लंगडत जालन्याच्या कचेरीत खेटे घालतो. रेकॉर्डात लढाईतली जखम नाही, साक्षीदार आणा, म्हणतात. परवा तिथल्या साहेबावर ओरडलोच. कुणाला आणू? ते डॉक्टर आता कुठं सापडायचे? गावातले म्हातारे अजून हसतात, "तू तं कबड्डीत पडल्ता ना रे?"

गावात साक्षीदार एकच होती, तीही गेली. शेवटच्या आजारपणात आईनं माझ्या मांडीवरून हात फिरवला, खड्ड्यापाशी थांबली.

"कबड्डीत असं होत न्हाई, लेका," ती म्हणाली. "तुला बरं वाटावं म्हणून गावाला सांगत राह्यले."