टेनिसमधली बाय आणि माझी हिरामावशी

मी माझ्या मावशीला फसवलं होतं.
तेही टेनिसवरून.

हिरामावशी काल सकाळी गेली. आईच्या पाठची बहीण, चिंचणीची. डहाणूच्या बाजारात तुम्ही कधी सुके बोंबील घेतले असतील तर तिचा आवाज नक्की ऐकलाय.

मागे तिचा पाय मोडला तेव्हा प्लास्टर निघेपर्यंत ती डहाणू रोडला माझ्याकडे होती. खाली माझं झेरॉक्सचं दुकान, वर घर. जन्मात कधी एका जागी न बसलेली बाई दिवसभर टीव्हीसमोर.

तेव्हा आशियाई स्पर्धा चालू होत्या. कबड्डी लागली की चॅनल बदलायला लावायची.
"ती मना ठाव हाय. ठाव नाय ते लाव."

म्हणून टेनिस. पुरुषांचं सिंगल्स.

आणि मग प्रश्न.
पब्लिक गप का बसलंय? बॉल खिशात का कोंबतो?
"पंधरा, तीस, मंग डायरेक चालीस? वरचे पाच कोणी खाल्ले?"
मी गूगल करकरून थकले.

शेवटी अख्खा ड्रॉ मोठ्या कागदावर प्रिंट करून दिला. कोण कोणाशी खेळणार, जिंकला तर पुढे कोण, सगळं. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक नावाच्या वर पेनाने मराठीत लिहिलं.

इथेच घोळ झाला.

मोठ्या खेळाडूंसमोर पहिल्या राउंडमध्ये कोणी नसतं. न खेळता पुढे जातात. तिथे 'बाय' छापलेलं असतं. मीही पंधरा ठिकाणी लिहिलं, बाय.

आता आमच्या किनाऱ्याला आई म्हणजे बाय, थोरली बहीण म्हणजे बाय, लाडात आली तर लेकसुद्धा बाय.

मावशीचं बोट कागदावरून फिरत फिरत थांबलं.
"गो, ही बाय कोण?"

खरं सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण खाली गिऱ्हाईक उभं होतं आणि मला हसू आवरत नव्हतं.
म्हटलं, "आहे एक. भारी जिद्दी."
"बाप्यांत खेलते?"
"हो ना."
"एका दिवसात पंधरा जणांशी? जेवते कवा?"

दुसऱ्या दिवशी बघते तर तिने पंधराही ठिकाणी बायवर काट मारलेली. सगळीकडे हरली होती बिचारी. मावशी मॅचमागून मॅच बघायची, कुठे दिसते का म्हणून.
कंच्या देशाची? एवढी हरते तरी परत कोण पाठवतं? घरी पोरं कोण बघतं?

मीही थांबले नाही. बायला देश दिला, सासू दिली, गुडघेदुखी दिली. दुकानात एकटीच हसायचे.

प्लास्टर निघालं, मावशी परत बाजारात बसू लागली. आणि तिने ही बाय सगळ्या मासळीवाल्यांना सांगितली. रंगवून.

एक दिवस कोसबाडच्या एक बाई जवळा घ्यायला आल्या. त्यांनी ऐकलं आणि सरळ सांगून टाकलं, "अहो मावशी, बाय म्हणजे कोणीच नाही. रिकामी जागा असते ती."

अख्खा बाजार हसला. त्यानंतर कितीतरी दिवस तिला 'टेनिसवाली बाय' म्हणून हाका मारायचे.

तिने माझा फोन उचलणं बंद केलं.

मी चिंचणीला गेले. ती दोरीवरचे बोंबील काढत होती. वर बघितलंही नाही.
"तू हसलीस, राग नाय. बाजार हसला, त्याचा पण नाय. मना ठाव नव्हतं म्हणून तुला इचारलं. तुला ठाव होतं. मंग खोटं का सांगितलंस?"

मला फार लाज वाटली. चुकलं म्हटलं.
"परत इचारलं तर खरं सांगशील?"
"सांगेन."
"बरं. मंग समोर कोण नाय तर तो पुढे जातो कसा? आधी ते सांग."
आणि टोपली माझ्याकडे सरकवली. बोंबील काढता काढता तासभर तिला टेनिस समजावलं.

दोन महिन्यांपूर्वी पोटात गाठ निघाली. वापीच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं, आता काही करता येणार नाही. तिचा मुलगा, आमचा दादा, म्हणाला, "आईला कोणी काही बोलायचं नाही."

दुपारी मी तिच्याजवळ बसले होते. दादा दारात उभा.
"गो, ही गाठ जानार का?"

दादा मागून हाताने नको नको करत होता.

मी म्हटलं, "नाही मावशी."

ती एकेक करून विचारायला लागली. गाठ आत काय करते? कशी पसरते? दुखेल कवा? मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सगळं सांगितलं. नव्हतं ठाऊक तिथे ठाऊक नाही म्हटलं.

मग माझा हात धरून म्हणाली, "सगले बरी होशील, बरी होशील बोलत व्हते. मी एकटीच पडलेली."

दुसऱ्याच दिवशी हट्ट करून घरी आली. पुढचे दिवस समुद्राकडे खाट टाकून होती. बाजारातली जागा सुनेला दिली, ज्यांच्याशी अबोला होता त्यांना बोलावून घेतलं, आणि येईल त्याला प्रश्न विचारत बसली.

दादा माझ्याशी अजून बोलत नाही. काल स्मशानातून येताना एवढंच म्हणाला, "तुला काय हक्क होता?"

हक्क होता की नाही, मला माहीत नाही. मावशीने विचारलं होतं.

मावशी, पाया पडते. सुखाने जा.